डिझेल दरवाढीविरोधात चक्काजाम: मागणी नेमकी कुणाकडे करायची, आणि भरलेल्या गाड्यांचं काय?

मोंढा_नाका (लातूर)

नमस्कार मंडळी. डिझेलच्या दरावरून आमच्याकडं मोटार मालकांच्या बैठका चालू आहेत. लातूर, धाराशिव, बीड, परभणी, नांदेड या पाच जिल्ह्यांत एकाच दिवशी गाड्या उभ्या करायच्या असं ठरायलंय. पत्रकाचा मसुदा झालाय. पहिली मागणी "तेलाचे दर नियंत्रणमुक्त करण्याचा निर्णय मागे घ्या", दुसरी "डिझेल जीएसटीत आणा", तिसरी "भाडेवाढ द्या". पत्रक जाणार जिल्हाधिकाऱ्यांकडं.

जाणकारांना चार गोष्टी विचारायच्यात.

दर नियंत्रणमुक्त आहेत म्हणतात, मग ही मागणी मान्य करणार कोण? बंदच्या दिवशी वाटेत असलेल्या भरल्या गाड्यांच्या ई-वे बिलाचं (मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचं) काय करायचं? मिलवाल्यांशी वर्षाचं भाडं ठरलेलं असताना डिझेलचा फरक कागदावर कसा आणायचा? आणि मनमाडच्या डेपोतून इंधन आणणाऱ्या टँकरवाल्यांना बंदमध्ये घ्यावं का? काही जण म्हणायलेत की त्याशिवाय कुणी दखल घेत नाही.

तेलपाणी

पहिली मागणी आहे तशी पाठवू नका. "निर्णय" असा एक नाहीच. एप्रिल २००२ मध्ये जुनी प्रशासित दरपद्धत, म्हणजे सरकारनं दर ठरवायची पद्धत, कागदोपत्री संपली. पेट्रोल जून २०१० मध्ये मोकळं झालं. डिझेलला जानेवारी २०१३ पासून महिन्याला साधारण ५० पैसे वाढवायची मुभा मिळाली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही पूर्ण मोकळं झालं. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी ६ वाजता दर बदलायची पद्धत आली. यातलं नेमकं काय मागं घ्यायचं हे पत्रकात नसेल, तर "हे धोरण केंद्राचं आहे" एवढं लिहून निवेदन परत येतं.

दर खरोखर बाजारावर सोडलेत का, हा खरा मुद्दा आहे आणि तारखा आपल्या बाजूनं बोलतात. ४ नोव्हेंबर २०२१ नंतर दर जे थांबले ते २१ मार्च २०२२ पर्यंत, १३७ दिवस. त्या काळात कच्चं तेल वर चाललं होतं आणि पाच राज्यांत निवडणुका होत्या. मग २२ मार्च ते ६ एप्रिल या पंधरवड्यात १४ वेळा मिळून लिटरमागं १० रुपये चढले. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्तान पेट्रोलियम तिन्ही सरकारी कंपन्या, आणि तिघींचे दर एकाच वेळी थांबतात, एकाच वेळी हलतात.

उतरणीला काय होतं तेही बघा. २०२० मध्ये कोरोनात कच्चं तेल कोसळलं, तेव्हा मार्चमध्ये ३ आणि मे महिन्यात १३ रुपये डिझेलवरच्या उत्पादन शुल्कात वाढले. शुल्क १५.८३ वरून ३१.८३ वर गेलं आणि पंपावरचा दर खाली आलाच नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये १० आणि मे २०२२ मध्ये ६ रुपये कमी झाले. एप्रिल २०२५ मध्ये परत २ रुपये वाढून १७.८० झालं. म्हणजे चढ आपल्या खिशातून जाते आणि उतार सरकारी तिजोरीत जातो. माझ्या मते पत्रकाचं पहिलं वाक्य याच तक्रारीचं हवं. हिला कुणी "जागतिक बाजार" म्हणून उत्तर देऊ शकत नाही.

आता दर कसा तयार होतो ते पाहू, म्हणजे कोणाकडं काय मागायचं ते कळेल. तळाला कंपनीचा दर आणि डेपोपर्यंतची वाहतूक. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क, हे लिटरमागं ठरीव रुपयांत असतं. मग पंपचालकाचं कमिशन. आणि या सगळ्या बेरजेवर राज्याचा व्हॅट, टक्केवारीत. आपल्या भागात डिझेलला २१ टक्के. त्यामुळं कंपनीनं ३ रुपये वाढवले की त्यावर ६३ पैसे व्हॅट आपोआप चढतो आणि पंपावर ३.६३ रुपये वाढ दिसते. केंद्रानं शुल्क २ रुपयांनी वाढवलं तरी तसंच, पंपावर २.४२. म्हणजे करावरही कर लागतो.

म्हणून केंद्राकडं शुल्ककपात मागा. राज्याकडं व्हॅट टक्क्यांऐवजी लिटरमागं ठरीव रुपयांत मागा. राज्याला हे आपल्या अधिकारात करता येतं, दिल्लीकडं बोट दाखवता येत नाही. जुलै २०२२ मध्ये राज्यानं डिझेल ३ रुपयांनी स्वस्त केलंच होतं.

कंपन्यांकडं मागणी वेगळी. परभणीचा दर राज्यात सगळ्यात चढा राहतो, कारण मनमाडजवळच्या पानेवाडीहून टँकर येतो आणि तो वाहतूक खर्च पंपावरच्या दरात बसतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपन्यांनी काही राज्यांत डेपोपासून लांबच्या पंपांसाठी वाहतूक खर्चाची फेरआखणी केली. तशीच परभणी, हिंगोली, नांदेडसाठी मागा. छोटी मागणी आहे, म्हणूनच मान्य होण्यासारखी आहे.

बिल्टीबुक (जालना)

ई-वे बिलाचं सांगतो, बंदमध्ये खरा फटका इथंच बसतो.

मुदत दर २०० किमीला एक दिवस, आणि पहिला दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपतो. लातूर ते वाशी पाचशेच्या आत, म्हणजे तीन दिवस. गाडी दोन दिवस उभी राहिली की मुदत गेली. वाढवून घ्यायची खिडकी अरुंद आहे: मुदत संपायच्या आधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास. ती हुकली की गाडी पकडल्यावर जीएसटी कायद्याचं कलम १२९ लागतं, आणि मालाचा मालक पुढं आला तरी दंड कराच्या दुप्पट. मालाचा मालक तो दंड ट्रान्सपोर्टवाल्याच्या भाड्यातून कापून घेतो.

वाढवताना पोर्टलवर कारण विचारतात. त्यात कायदा-सुव्यवस्थेचा पर्याय आहे, तो निवडा आणि शेऱ्यात बंदची तारीख टाका. उरलेलं अंतर, गाडी आत्ता उभी आहे तिथला पिनकोड आणि गाडी नंबर भरावा लागतो. गाडी रस्त्याकडेला असेल तर तसं, माल गोदामात उतरवला असेल तर गोदाम असं दाखवा. ज्याच्याकडं त्या वेळी माल आहे तो ट्रान्सपोर्टर हे करू शकतो. पण बिलात ट्रान्सपोर्टर आयडीच भरलेला नसेल तर माल पाठवणाऱ्याला करावं लागतं आणि तो रात्री फोन उचलत नाही. म्हणून बंदच्या आधीच्या तीन-चार दिवसांतली प्रत्येक बिल्टी (माल भरल्याची ट्रान्सपोर्टची पावती) तपासा, आयडी आहे का. मोबाइलमध्ये यादी ठेवा: गाडी नंबर, ई-वे क्रमांक, मुदत संपायची वेळ. एका माणसाला तेवढंच काम द्या.

सोपा उपाय म्हणजे बंदच्या ७२ तास आधी लांबचं भाडं भरणं थांबवायचं. गाड्या रिकाम्या घरी आल्या की निम्मे प्रश्न संपले.

विम्याचं: फक्त थर्ड पार्टी असेल तर दगडफेकीत फुटलेल्या काचेचा रुपयाही मिळत नाही. पॅकेज पॉलिसीत दंगल आणि संपाचं नुकसान धरलेलं असतं, पण पोलिसांत नोंद लागते. मालाच्या विम्यात उशिरामुळं झालेलं नुकसान धरत नाहीत. मोसंबी चार दिवस ताडपत्रीखाली सडली तर ना विमा कंपनी देते, ना व्यापारी सोडतो. फळं, दूध, औषधं, ऑक्सिजन, पाण्याचे टँकर, चारा पहिल्या दिवसापासून बंदमधून बाहेर ठेवा आणि ते पत्रकात ठळक लिहा. अशा गाडीच्या समोरच्या काचेवर संघटनेच्या शिक्क्याचा कागद, त्यावर गाडी नंबर आणि तारीख. नुसता "अत्यावश्यक" असा कागद लावला तर दुपारपर्यंत त्याच्या झेरॉक्स फिरायला लागतात.

दहा_टायर

वरच्यात भर, गाड्या कुठं उभ्या करायच्या ते. पावसाळ्यात काळ्या रानात भरलेली गाडी उभी करू नका. एक चांगला पाऊस झाला की मागचे टायर रिमपर्यंत बसतात, मग क्रेन लागते आणि चेसिसला पीळ पडतो. मुरमाची जागा, जिनिंगचं आवार, नाहीतर बाजार समितीचं पटांगण बघा, आणि मालकाची लेखी परवानगी घ्या.

सोयाबीन भरलं असेल तर पोत्यांत ओल किती ते बघा. १२ टक्क्यांच्या वर ओल असलेला माल घट्ट ताडपत्रीखाली तापतो, मधल्या थरातली पोती हाताला गरम लागतात. दिवसा ताडपत्री बाजूनं सैल करा, संध्याकाळी बांधा. सिमेंटचं उलट आहे, तिथं ताडपत्री हलवायचीच नाही. जालन्याच्या सळयांना काही होत नाही, पण ते वजन एकाच बाजूच्या उतारावर चार दिवस ठेवू नका. बॅटरीचा कटऑफ बंद, एअर टाकीतलं पाणी सोडलेलं, आणि डिझेल टाकीला कुलूप. एका जागी पन्नास गाड्या रात्रभर उभ्या असल्या की डिझेलची चोरी होतेच, दोन माणसं राखणीला लागतात.

मोंढा_नाका (लातूर)

मोठी मदत झाली. भाड्याचं कुणी सांगा. आणि जीएसटीची मागणी ठेवायची की काढायची? डिझेल जीएसटीत आलं की निम्म्यानं स्वस्त होईल असं बैठकीत सगळे म्हणायलेत.

हुंडेकरी

जीएसटीचं आधी. डिझेल, पेट्रोल, कच्चं तेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचं इंधन या पाच वस्तू जीएसटीच्या बाहेर आहेत. राज्यघटनेच्या कलम २७९अ नुसार कधी आणायच्या याची शिफारस जीएसटी परिषद करणार. आणल्यावर दर किती ठेवायचा आणि वरून शुल्क लावायचं का, हे खुलं आहे. त्यामुळं निम्म्यानं स्वस्त हे गृहीत धरू नका.

दुसरं जास्त महत्त्वाचं. जीएसटीचा मोठा फायदा म्हणजे भरलेल्या कराची वजावट, म्हणजे इनपुट क्रेडिट. आपल्यातले बहुतेक एक-दोन गाड्यांचे मालक आपली गाडी ट्रान्सपोर्ट कंपनीला भाड्यानं देतात. त्या भाड्यावर जीएसटी माफ आहे, म्हणून वजावटही नाही. ५ टक्क्यांच्या पद्धतीत चालणाऱ्या ट्रान्सपोर्टलाही वजावट नाही. ती मिळते जास्त दरानं स्वतः कर भरणाऱ्या मोठ्या फ्लीटला. म्हणजे दर कमी न करता नुसतं जीएसटीत आणलं, तर फायदा मोठ्यांना आणि छोटा मालक आहे तिथंच. जुलै २०१८ च्या देशव्यापी संपात ही मागणी होती, तो संप आठ दिवस चालला आणि डिझेल आजही बाहेरच आहे. मागणी ठेवायची असेल तर "छोट्या मालकाच्या हाती पडणारा दर कमी होईल अशा रीतीनं" ही अट जोडून ठेवा.

आता भाडं. "भाडेवाढ द्या" असं सरकारला लिहून उपयोग नाही, ट्रकचं भाडं सरकार ठरवत नाही. आणि संघटनेनं "उद्यापासून सगळ्यांनी १५ टक्के जास्त घ्यायचे" असा ठराव चुकूनही करू नका. मिळून दर ठरवणं स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३ मध्ये येतं. प्रत्येक मालकानं आपापल्या करारात डिझेलची अट घालून घ्यायची. संघटनेनं फक्त अटीचा नमुना वाटायचा, त्यात दर लिहायचा नाही.

अट अशी बसवा. हिशेबाला सोपे आकडे घेतो: १८ टन माल, ५०० किमी, भाडं टनाला २,००० म्हणजे ३६,००० रुपये. भरली गाडी लिटरला ४ किमी, म्हणजे १२५ लिटर. परतीला रिकामी, लिटरला ६ किमी धरा, ८३ लिटर. एकूण २०८ लिटर, ९० च्या दरानं १८,७२० रुपये. म्हणजे भाड्यातला डिझेलचा वाटा ५२ टक्के. डीईएफ (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते द्रव) वेगळं, डिझेलच्या ४-५ टक्के लिटर धरा.

डिझेल ९० चं ९४.५० झालं, म्हणजे ५ टक्के वाढ. ५ टक्क्यांचे ५२ टक्के म्हणजे २.६ टक्के. भाडं टनाला ५२ रुपयांनी वाढलं पाहिजे, खेपेला ९३६. ताळा करून बघा: २०८ लिटर गुणिले ४.५० बरोबर ९३६. हाच कागद मिलच्या हिशेबनिसासमोर ठेवला की वाद मिटतो, कारण यात नफा मागितलेला नाही, फक्त खर्च वळता केलाय.

वाद पुढच्या चार जागी होतो, त्या आधीच लिहून घ्या. पायाचा दर: कोणत्या तारखेचा, कोणत्या शहरातल्या कोणत्या कंपनीच्या पंपाचा. लागू दर: बिल्टीच्या तारखेचा घ्या, पोहोचल्याच्या तारखेचा नको, नाहीतर माल उतरवायला मुद्दाम उशीर होतो. किती बदलल्यावर लागू: २ टक्के ठेवा, रोज १०-२० पैशांसाठी बिल बदलणं कुणालाच परवडत नाही. आणि डिझेल उतरलं तर भाडंही त्याच सूत्रानं उतरेल हे स्वतःहून लिहा. हे वाक्य नसेल तर समोरचा सही करत नाही, आणि का करावी?

परतीचं भाडं मिळत असेल तर ८३ लिटर अर्धे धरा किंवा सोडा. वाशीहून लातूरला येताना बहुतेकांना काहीतरी मिळतं, नांदेडच्या आतल्या तालुक्यांना मिळत नाही. वाटा सगळ्यांचा ५२ नसतो, ज्याचा त्यानं काढायचा.

सिंदफणा (बीड)

टँकरवाल्यांबद्दल. जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या, म्हणजे अपघात करून पळणाऱ्या चालकाच्या शिक्षेच्या, नव्या कलमाविरोधात चालकांनी गाड्या सोडल्या, पानेवाडीहून टँकर निघाले नाहीत आणि एक-दोन दिवसांत पंपांवर रांगा लागल्या. २ जानेवारीच्या रात्री केंद्रानं आश्वासन दिलं, आणि १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा तेच कलम, १०६(२), वगळून झाली. तो बंद यशस्वी झाला हे खरं. पण तिथं मागणी एकच होती, एका कलमाची, आणि ती थांबवायचा अधिकार एकाच मंत्रालयाकडं होता. डिझेलच्या दरात केंद्र, राज्य आणि कंपन्या असे तीन हात आहेत. टँकर थांबले की दुसऱ्या दिवशी रुग्णवाहिका, एसटी, शेतातली ट्रॅक्टर थांबतात आणि लोक आपल्यावर उलटतात. तिन्ही हात एकमेकांकडं बोट दाखवत बसतात आणि तेवढे दिवस आपल्याला तग धरता येत नाही. माझं मत, टँकर बंदमध्ये नकोत. त्यांचा पाठिंबा जाहीर घ्या, काळ्या फिती लावू द्या.

फिलिपिन्सचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथं १९९८ च्या ८४७९ क्रमांकाच्या कायद्यानं तेलाचे दर मोकळे केले. कंपन्या साधारणपणे दर मंगळवारी दर बदलतात. जीपनी (तिथली छोटी प्रवासी गाडी) चालकांची पिस्टन ही संघटना तो कायदा रद्द करा आणि इंधनावरचा कर उठवा म्हणून वारंवार संप करते. त्यांची कोंडी अशी की इंधन मोकळं, पण जीपनीचं तिकीट सरकारी मंडळ ठरवतं. आपल्याकडं ही कोंडी ट्रकची नाही, एसटीची आणि रिक्षाची आहे. एसटीची भाडेवाढ ऑक्टोबर २०२१ नंतर थेट जानेवारी २०२५ मध्ये झाली. जानेवारी २०१३ मध्ये घाऊक ग्राहकांचं डिझेल महाग केलं, एसटीही त्यातच येते, तेव्हा एसटीच्या गाड्या बाहेरच्या पंपावर भरायची वेळ आली, २०२२ मध्ये परत तेच. रिक्षावाले बंदमध्ये येणार असतील तर त्यांची मागणी वेगळ्या परिच्छेदात, इंधनाशी जोडलेल्या ठरावीक मुदतीच्या भाडे फेरआढाव्याची ठेवा. एका पत्रकात दोघांचं मिसळलं की दोघांचंही वाया जातं.

कायद्याचं: आपली गाडी आपल्या जागेत उभी करणं हा गुन्हा नाही. दुसऱ्याची गाडी अडवली की न्याय संहितेचं कलम १२६, रस्ता अडवला की २८५, आणि राष्ट्रीय महामार्गाचं नुकसान केलं, टायर जाळून डांबर उखडलं, तर महामार्ग कायद्याचं ८ब, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्या दिवशी जमावबंदी आहे का ते आधी पोलीस ठाण्यात विचारा: नागरिक सुरक्षा संहितेचं १६३ किंवा महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ३७. म्हणून पत्रकात "चक्काजाम" न लिहिता "वाहने उभी ठेवणे" लिहा.

आणि चालकांचा विचार कुणी मांडलेला नाही. बंद मालकांचा, पण खेपेवर पैसे घेणाऱ्या चालक-क्लीनरची रोजी बुडते. बंदच्या दिवसांचा भत्ता कोण देणार हे बैठकीतच ठरवा आणि आदल्या दिवशी हातात द्या. नाहीतर तिसऱ्या दिवशी गाड्या चालकच बाहेर काढतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

मोंढा_नाका (लातूर)

पत्रक नव्यानं लिहायला घेतलंय. टँकर वगळले, भत्त्याचा मुद्दा उद्याच्या बैठकीत पहिला घेतो. शेवटचं विचारतो, किती दिवसांचा ठेवावा आणि कधी? काही जण बेमुदतवर अडून बसलेत.

हुंडेकरी

बेमुदत नको. बँकेचा हप्ता महिन्याला ठरलेल्या तारखेला जातो, बेमुदत बंदमध्ये एका गाडीचा मालक आठव्या दिवशी मोडतो आणि दहा गाड्यांचा टिकतो. एक किंवा दोन दिवस ठेवा, हप्त्याची तारीख टाळून, आणि पुढच्या बंदची तारीख त्याच पत्रकात लिहा.

हंगाम बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीनची आवक जोरात असते, तेव्हा बंदचा दबाव व्यापाऱ्यावर नाही, शेतकऱ्यावर पडतो. आडते त्याच दिवशी भाव पाडतात. ऊसतोड चालू असताना तर अजिबात नको, तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळपाला गेला नाही तर वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात. तूर निघून गेल्यावर आणि पेरणीच्या खतांची वाहतूक सुरू व्हायच्या आधी, एप्रिलचा दुसरा पंधरवडा त्यातल्या त्यात बरा.

निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना निदान पंधरा दिवस आधी द्या, प्रत आरटीओ आणि पोलीस अधीक्षकांना, तिन्हीकडची पोच शिक्क्यासह. आणि राज्याच्या व्हॅटची मागणी वित्त विभागाला थेट टपालानं वेगळी पाठवा. जिल्ह्याहून मंत्रालयात कागद पोहोचेपर्यंत तुमचा बंद होऊन गेलेला असतो.